आधी करार, मग तिकीट

(दृश्य : टेबलावर उघडलेला पासपोर्ट. शेजारी व्हिसाची रंगीत प्रिंट. कॅमेरा व्हिसाच्या प्रकाराच्या ओळीवर थांबतो.)

"दुबईचा व्हिसा आला" असं नांदेडला, परभणीला, बीडला घरोघर सांगितलं जातं. पेढे वाटले जातात. कोणता व्हिसा आला, हे मात्र फार कमी घरांत विचारलं जातं. कागदावर ती ओळ स्पष्ट छापलेली असते : टुरिस्ट, व्हिजिट किंवा एम्प्लॉयमेंट. तिथे गेल्यावर पगार कसा मिळणार, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, तक्रार कुठे करायची, हे सगळं त्या ओळीवर ठरतं.

पर्यटक व्हिसावर फिरता येतं, नातेवाइकांना भेटता येतं. पगारी काम करता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत असं काम देणाऱ्या मालकाला 2024 पासून 1 लाख ते 10 लाख दिरहॅम दंड आहे. मुदत संपून राहिलात तर दिवसाला 50 दिरहॅम तुमच्या नावावर चढत जातात.

(दृश्य : एका ट्रॅव्हल्स ऑफिसचा फलक, नाव पुसट केलेलं.)

आता एजंटाचं ठरलेलं वाक्य : "आत्ता व्हिजिटवर जा, तिथे कंपनी बदलून देईल." हे वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते चालतं. अमिरातीत देशाबाहेर न जाता व्हिजिटचा नोकरीच्या व्हिसात बदल होऊ शकतो. पण त्यासाठी कंपनीने आधी तुमच्या नावाचं वर्क परमिट काढावं लागतं. ते निघेपर्यंत केलेलं प्रत्येक दिवसाचं काम बेकायदा. पगार बँकेतून नोंदवून देण्याची तिथली व्यवस्था फक्त परमिटवाल्यांसाठी आहे. व्हिजिटवाल्याला हातात रोख मिळते, किंवा मिळत नाही. आणि मिळाली नाही हे सिद्ध करायला कागद नसतो. दोन महिने राबवून घ्यायचं, मुदत संपत आली की "तुझं सिलेक्शन झालं नाही" म्हणायचं, हा प्रकार असाच चालतो.

त्याचा भाऊ म्हणजे "आझाद व्हिसा". यात व्हिसा नोकरीचाच असतो, पण ज्याच्या नावाचा, त्याच्याकडे काम नसतं. काम बाहेर शोधायचं आणि कफीलला, म्हणजे ज्याच्या नावाचा व्हिसा त्या मालकाला, दरवर्षी पैसे द्यायचे. खरं तर असा कोणताही व्हिसा सरकार देत नाही. परमिट एकाचं आणि काम दुसऱ्याकडे, हे पकडलं गेलं की हद्दपारी.

(दृश्य : पासपोर्टचं पान, "एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड" अशा शिक्क्याचा क्लोजअप.)

आपल्याकडचा कायदा 1983 चा, उत्प्रवास अधिनियम. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर, म्हणजे "एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड", अशी नोंद असते. असा माणूस सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया, थायलंड अशा 18 देशांत नोकरीसाठी जाणार असेल तर उत्प्रवास मंजुरी, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जायची सरकारी परवानगी, सक्तीची. ती नसेल तर मुंबईच्या किंवा हैदराबादच्या विमानतळावरून परत पाठवतात. एजंट म्हणूनच शिकवून ठेवतो, "फिरायला चाललो म्हण." काउंटरवर परतीचं तिकीट, हॉटेल, खर्चाचे पैसे विचारले की उत्तरं अडखळतात आणि तिकिटाचे पैसे बुडतात.

दहावी पास असूनही पासपोर्टवर ईसीआर राहिलेली मंडळी पुष्कळ आहेत, कारण अर्ज करताना सर्टिफिकेट जोडलेलंच नसतं. सर्टिफिकेट जोडून पासपोर्ट नव्याने काढला की नोंद जाते. 36 पानी पासपोर्टची साधी फी 1500 रुपये. मात्र एक लक्षात ठेवा. ज्याच्या पासपोर्टवर ही नोंद नाही, त्याला बहुतेक नोकऱ्यांसाठी मंजुरी लागत नाही, म्हणजे त्याचा करार इथे कोणी तपासतही नाही. बँकॉकमध्ये "डेटा एन्ट्री" आहे म्हणून गेलेली शिकलेली मुलं थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतमार्गे मोएइ नदीपलीकडे म्यानमारमध्ये नेली गेली आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत बसवली गेली. थायलंडमध्ये उतरायला त्यांना पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेश पुरला होता.

(दृश्य : मोबाइलवर ई-मायग्रेट पोर्टल उघडलेलं.)

एजंट खरा आहे का, हे पाहायला मुंबईला जायची गरज नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. नाव जुळतं एवढ्यावर थांबू नका. नोंदणी क्रमांक, ऑफिसचा पत्ता आणि नोंदणी आज चालू आहे की निलंबित, हे तिन्ही पाहा. दुसऱ्याचा क्रमांक आपल्या व्हिजिटिंग कार्डावर छापणारे आहेत. आणि "मी त्यांचा लातूरचा माणूस" असं म्हणणाऱ्या सब-एजंटाला या व्यवस्थेत जागाच नाही.

नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. गावाकडे लाख, दीड लाख मागितले जातात. ऊसतोडीत मुकादम मजुराला उचल देतो. इथे मजूरच एजंटाला उचल देऊन बसतो. नोंदणी नसताना भरती करणाऱ्याला या कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाची रक्कम पाहिली की कायद्याचं वय कळतं.

(दृश्य : कागद एकेक करून टेबलावर ठेवले जातात.)

कागदांचा क्रम असा. आधी मुलाखत किंवा ट्रेड टेस्ट. मग ऑफर लेटर आणि करार : पद, मूळ पगार, कामाचे तास, ओव्हरटाइम, राहणं-जेवण, परतीचं तिकीट कोणाचं. "एकूण पगार" लिहून मूळ पगार कोरा सोडलेला असेल तर सही करू नका. अमिरातीत ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. मग आखाती देशांसाठी मान्यताप्राप्त केंद्रात मेडिकल आणि त्यानंतर नोकरीचा व्हिसा. ईसीआरवाल्यांना पुढे प्रवासी भारतीय विमा योजना. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचं कवच, 2 वर्षांचा हप्ता 275 रुपये. शेवटी मंजुरी, आणि तिकीट सर्वांत शेवटी. तिकीट आधी हातात आलं आणि करार "तिथे गेल्यावर" असेल, तर तिथेच थांबा.

आखाताबाहेरही रस्ते आहेत, पण ते भाषेतून जातात. जपानच्या विशिष्ट कौशल्य व्हिसासाठी एन-फोर किंवा तत्सम जपानी भाषा परीक्षा आणि त्या क्षेत्राची कौशल्य चाचणी लागते. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम ही त्यातली क्षेत्रं. जर्मनीने जून 2024 पासून "चान्सेनकार्ट" सुरू केलं. पदवी किंवा दोन वर्षांचं मान्य प्रशिक्षण, भाषा आणि वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवली तर तिथे जाऊन कायदेशीरपणे नोकरी शोधता येते, शोधताना आठवड्याला 20 तास कामही करता येतं. सहा महिने जर्मन शिकणं अवघड वाटतं खरं, पण त्याला जमीन गहाण ठेवावी लागत नाही.

(दृश्य : घरातली फाइल. झेरॉक्स, पावत्या, एक कागद हाताने लिहिलेला.)

निघण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि पैशांच्या पावत्यांची एक फाइल घरी ठेवा. मालकाने पासपोर्ट काढून घेणं अमिरातीत आणि सौदीतही बेकायदा आहे, तरी घडतं. तेव्हा दूतावासाला ही झेरॉक्सच उपयोगी पडते. अडकल्यास घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवावी. भारतातून 1800-11-3090 हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर आहे. तो फाइलच्या पहिल्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि फाइल कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.