आधी आई बघ

(दृश्य: आंबोली घाट, फेब्रुवारीतली सकाळ, धुकं. गाडीच्या मागच्या सीटवर भोकं पाडलेली प्लास्टिकची पेटी. पेटीला सीटबेल्ट लावलेला.)

पेटीत सुती पिशवी, पिशवीला गाठ आणि आत जेमतेम हातभर लांबीचा साप, आतेभावाने पाळायला घेतलेलं परदेशी अजगराचं पिल्लू. पुण्याहून निघाल्यापासून गाडीतली गाणी बंद आहेत. स्पीकरची थरथर त्याला पेटीच्या बुडातून कळते, असं आतेभावाचं म्हणणं. कोल्हापूर गेलं, आजरा गेलं. आम्ही दोघं कुजबुजतच बोलतोय.

आतेभावाचं वेंगुर्ल्याजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गेली सहा वर्षं तो गावातले सापही उचलतो. फोन येतो, ‘जनावर शिरलां हा’, की शटर अर्ध्यावर ओढून हा निघालाच. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, सगळे त्याच्या हाताखालून गेले. एकही घरी राहिला नाही, राहायचाही नसतो. वनखात्याला कळवायचं आणि रानात सोडायचं. इथला रानटी साप पाळता येत नाही, मग ती धामण असो की मांडूळ. आमची म्हातारी माणसं ज्याला आर म्हणतात तो अजगर तर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे 3 ते 7 वर्षांची कैद आहे.

पण साप सोडून आल्यावर हा रिकामी पिशवी झटकत पडवीत बसायचा. ते मी पाहिलंय. तेव्हा माझ्याकडे कॅमेरा नव्हता.

(दृश्य: पुणे. खोलीभर काचेच्या पेट्या. टेबलावर तीन डबे.)

हे त्याच्या आदल्या दिवसाचं. सापांची पैदास करणाऱ्या एका माणसाने तीन पिल्लं समोर ठेवली आहेत. पहिला बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला अजगर. भिला की डोकं मध्ये घेऊन चेंडू होतो. शांत, बुटका. पण रुसला तर महिनोन्महिने खात नाही आणि नवख्या पाळणाऱ्याची झोप उडवतो. दुसरा कॉर्न स्नेक, अमेरिकेतला. सडपातळ, खायला बरा. पहिला साप म्हणून बहुतेक लोक या दोघांतलाच एक उचलतात.

तिसरा डबा उघडताच आतल्या पिल्लाने मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळवली आणि झाकणावर डोकं आपटलं. हा कार्पेट पायथन.

शास्त्रीय नाव मोरेलिया स्पायलोटा. घर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी. अंगावरच्या नक्षीमुळे त्याला गालिचा म्हणतात. तो आमच्याकडे पहिल्यांदा दिसला असता तर नाव वाकळ पडलं असतं, कारण कोकणातल्या किती घरांत गालिचा असतो? क्वीन्सलँडमध्ये तो लोकांच्या छपरात राहतो आणि उंदीर-घुशी खातो. तिकडच्या माणसांना तो माळ्यावर सरपटताना ऐकू येतो, जशी आपल्याला धामण येते. सिडनीच्या आसपासचा डायमंड पायथन याचाच भाऊबंद. आपण बघतोय तो जंगल कार्पेट, क्वीन्सलँडच्या ओल्या रानांतला, काळ्यावर पिवळा. किनाऱ्यावरचा कोस्टल अडीच मीटर आणि त्याच्याही पुढे जातो. जंगल सहसा दोन मीटरच्या आत आटोपतो.

ऑस्ट्रेलिया आपले जिवंत साप व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही. हे पिल्लू पुण्यातच अंड्यातून निघालेलं आहे.

(दृश्य: आतेभावाचा हात जवळून. अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचे बारीक ठिपके.)

चावला. विष नाही. करवंदीच्या जाळीत हात घालून काढावा तेवढंच. दात आत वळलेले असतात, म्हणून हात झटक्यात ओढायचा नाही. ओढलात तर जखम तुम्ही केलेली. पिल्लं अशीच असतात, जगात सगळेच त्यांना खायला टपलेले. आठवड्यातून चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटं हातात घेत गेलं की बहुतेक निवळतात.

मग त्या माणसाने खालची मोठी पेटी उघडली.

(दृश्य: मादी, जवळजवळ दोन मीटर. सलग एक मिनिट.)

“पिल्लू काय बघतोस? आधी आई बघ. तुला ही घरी न्यायची आहे.”

मला विचाराल तर साप निवडण्याबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. डबा तीन महिने पुरतो. त्यानंतरची सगळी वर्षं ही मादी. मनगटापेक्षा जाड अंग फांदीवर वेटोळं घालून पडलंय, डोकं मधोमध टेकलेलं. खालच्या ओठावरच्या खाचा नीट बघा. त्यांतून तिला ऊब कळते. काळोखात उंदीर कुठे आहे ते ती तिथून ओळखते, आणि तुमचा हातही. अंडी घातली की ती त्यांच्याभोवती गुंडाळते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. आतेभावाने तिला उचललं. तिने जीभ काढली, त्याच्या दंडावरून खांद्यावर गेली आणि तिथेच थांबली. त्याचा चेहरा आहे तसा ठेवलाय, त्यावर निवेदन नको.

(दृश्य: वेंगुर्लं. खळ्यात सुतार. रंध्याखालून निघणारे कुरळे छिलके.)

पिल्लू अजून डब्यात आहे आणि पेटी मोठ्याची चाललीय. चार फूट लांब, दोन फूट खोल, तीन फूट उंच. हा साप झाडावर चढणारा, त्याला लांबीबरोबर उंचीही लागते. फळ्या फणसाच्या, घरच्याच. सुताराने आयुष्यात देव्हारे केले, पाळणे केले, मासळीचे खोके केले. “दार वयसून करूचां की फुडसून?” त्याने विचारलं. प्रश्न अगदी नेमका. वरून हात आला की सापाला घार आल्यासारखं वाटतं. दार पुढूनच, काचेचं आणि सरकतं. आतून पॉलिश मारलं, पण वास पूर्ण जाईपर्यंत पेटी तीन आठवडे उन्हात उघडी पडली होती.

बसायला पेरूची फांदी. काजूची सहज मिळत होती, पण काजूचा चीक अंगावर उठतो.

हा भाग लांबलाय, मला माहीत आहे. सुताराच्या हातांना कात्री लावायला मन झालं नाही.

(दृश्य: पाऊस. मंगलोरी कौलांवरून धारा. पेटीतला आर्द्रतामापक: 91.)

पुस्तकं थंड मुलुखात लिहिली जातात, त्यामुळे त्यांत सगळं बळ पेटी तापवण्यावर असतं. उबेकडचं टोक 31-32 अंश, दुसरं टोक 25-26. आमच्याकडे वर्षातले बरेच महिने हे निसर्गच करतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेवढा हीट पॅड आणि थर्मोस्टॅट लागतो. इथला खरा वैरी ओल. जुलैत चपलेवर बुरशी येते तिथे सापाच्या पोटाखालचे खवले कसे वाचतील? ते कुजतात, छातीत कफ होतो, तोंड उघडं टाकून श्वास घेतो. म्हणून दोन्ही बाजूंना जाळी आणि जुन्या कॉम्प्युटरचा एक पंखा, वारा थेट अंगावर येणार नाही असा. खाली नारळाचा भुसा नाही, साधं वर्तमानपत्र, ओलावलं की लगेच बदलायचं. हे त्याने पहिल्या पावसात एकदा खवले लाल झाल्यावर शिकलं.

(दृश्य: सापाचा डोळा, दुधाळ निळा. मग कात, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड.)

डोळे असे झाले की कात टाकेपर्यंत हात लावायचा नाही. दिसत कमी असतं, म्हणून चिडतो. पेरूच्या फांदीवर नाक घासून सुरुवात झाली आणि मोजा काढावा तशी कात उलटी सुटत गेली. कॅमेरा पहाटे चारपासून लावला होता.

खाणं सोपं. मेलेला, गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ऊन करायचा आणि लांब चिमट्याने द्यायचा. जाडी सापाच्या पोटाएवढी. पिल्लाला आठवड्याला एक, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी एक. जिवंत देत नाहीत, कोंडलेला उंदीर सापालाच कुरतडतो. हातात घ्यायच्या आधी आकड्याने अंगाला हलका स्पर्श करायचा, म्हणजे आता जेवण नाही हे त्याला कळतं.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. दुधाच्या खुणा निळ्या, उंदरांच्या लाल.)

आत्या या चित्रफितीत नाही. तिने कॅमेऱ्यासमोर यायला नकार दिला. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “साप घरात रवतलो तर मी भायर रवतलंय.” निळ्या खुणा तिच्या आहेत. मध्ये एकदा काच बोटभर उघडी राहिली आणि साप तीन दिवस पेटीत नव्हता. माळ्यावर, सुक्या नारळांच्या मागे सापडला. त्याचं चित्रीकरण नाही.

नोंदणी झालेली आहे. सगळे अजगर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने 2022 च्या दुरुस्तीनंतर ते आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, मालक बदलला तरीही. साप वीस वर्षं आणि त्याहून जास्त जगतो. आतेभावाला मुंबईत नोकरी लागली तर काय, हे ठरलेलं नाही.

(दृश्य: रात्र. पेटीतला लाल उजेड. दीड मीटरचा साप पेरूच्या फांदीवरून उलटा लोंबतोय. खालून चिमटा येतो.)

दुसरा पावसाळा संपला. आज खाण्याची तारीख आहे. पुढची दोन मिनिटं मी बोलत नाही.