‘श्रीकांत’ या नावाची लांबी किती?

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो, लॅपटॉप न उघडता उत्तर द्या. श्रीकांत हे नाव घ्या, यात अक्षरं किती? मागून कोणीतरी तीन म्हणालं, बरोबर आहे. श्री, कां, त. पहिलीतल्या पोराला विचारलं तरी तीनच सांगेल. आता हेच मशीनला विचारा. पायथनमध्ये लांबी मोजणारं लेन लावलं की ८ येतात, जावास्क्रिप्टमध्ये डॉट लेंग्थ केलं की ८, जावामध्येही ८. गो आणि रस्टमध्ये सरळ लेन घेतलं तर २४. आणि स्विफ्टमध्ये काउंट घेतला तर कुठलं व्हर्जन आहे त्यावर ३ किंवा ४. एकच नाव, आणि यातलं एकही उत्तर चुकीचं नाहीये, कारण प्रत्येक भाषा वेगळी वस्तू मोजतेय.

८ कुठून आले बघा. श, मग पाय मोडायची खूण म्हणजे हलन्त, मग र, मग दुसरी वेलांटी, क, काना, अनुस्वार, त. हे आठ कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या मानकाने प्रत्येक खुणेला दिलेले क्रमांक. देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट घेतो म्हणून आठ त्रिक चोवीस. आणि आपण तोंडाने जे अक्षर म्हणतो, ज्याला युनिकोडवाले ग्राफीम क्लस्टर म्हणतात, ते तीन. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं ना की मराठी मजकुराचे निम्मे बग दिसायला लागतात, बाकी निम्मे मात्र वेगळे आहेत आणि त्यांच्यासाठीच खरं तर मी आज उभा आहे.

मी एका टीममध्ये होतो, सॉफ्टवेअर होतं लोकांची नोंदणी करायचं, फॉर्म पूर्ण मराठीत. एक दिवस सपोर्टकडून तिकीट आलं, एका बाईंचं आडनाव कऱ्हाडे, आणि फॉर्म म्हणतोय ‘कृपया योग्य नाव टाका’. टेस्टरने कऱ्हाडे टाइप केलं, व्यवस्थित सेव्ह झालं. मी माझ्या मशीनवर टाकलं, सेव्ह झालं. तिकीट बंद, शेरा काय तर रिप्रोड्यूस होत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच, यावेळी आडनाव गोऱ्हे. पुन्हा आमच्याकडे चालतंय. मग सपोर्टच्या मुलीने एक शहाणपणाचं काम केलं, त्या बाईंकडून टाइप केलेलं नाव स्क्रीनशॉट म्हणून न घेता मजकूर म्हणून मागवलं, आणि तो पेस्ट केल्या केल्या लाल एरर आली.

झालं होतं असं, की आपला जो अर्धा र असतो, ऱ्या मधला, ऱ्हा मधला, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर, यू प्लस ०९३१, त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसरी पद्धत म्हणजे साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचा न दिसणारा कोड पॉइंट, यू प्लस २००डी, आणि मग ह. युनिकोडच्या स्टँडर्डमध्ये दोन्ही आहेत, पहिली पद्धत आयएससीआयआय या जुन्या भारतीय मानकाला धरून, दुसरी युनिकोडच्या जुन्या २.० व्हर्जनशी जुळतं राहावं म्हणून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कुठला कीबोर्ड काय टाकतो ते त्या कीबोर्डवाल्याच्या मनावर. आमच्या रेजेक्समध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या नमुन्यात, होतं स्लॅश पी एल आणि स्लॅश पी एम, म्हणजे अक्षरं आणि मात्रा चालतील. पण जॉइनर हा ना अक्षर ना मात्रा, त्याची कॅटेगरी सी एफ म्हणजे फॉरमॅट. आमच्या कीबोर्डवरून ऱ येत होता म्हणून आम्हाला चालत होतं, त्या बाईंच्या फोनवरून जॉइनर येत होता म्हणून त्यांचं स्वतःचं आडनाव आम्ही त्यांनाच ‘योग्य नाही’ म्हणून सांगत होतो. मला ते वाक्य आजही टोचतं. एरर मेसेज लिहिताना विचार करा, तुम्ही माणसाला त्याच्या नावाबद्दल काहीतरी सांगताय.

पण गोष्ट इथे संपली नाही. आमच्यातल्याच एकाने घाईत फिक्स टाकला, की व्हॅलिडेशनच्या आधी सगळी अदृश्य कॅरेक्टर काढून टाका. ऐकायला बरोबर वाटतं, आणि इंटरनेटवर असे सॅनिटायझर ढिगाने मिळतात, बहुतेक इंग्रजी मजकूर डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले. रिव्ह्यूमध्ये कोणी अडवलं नाही, मीही नाही. जॉइनर काढला की र, हलन्त, ह एवढंच उरतं, आणि त्याचा रफार होतो. कऱ्हाडेचं झालं कर्हाडे. आणि ह च्या बाबतीत निदान चूक लगेच डोळ्यात भरते हो, य च्या बाबतीत तर दोन्ही शब्द खरे असतात. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, आचार्यांना म्हणजे गुरुजनांना. एक न दिसणारा कोड पॉइंट काढला आणि अर्थच बदलला, कुठलाही स्पेलचेक हे पकडणार नाही. म्हणून सांगतो, जॉइनर आणि त्याचा भाऊ नॉन-जॉइनर, यू प्लस २००सी, हे दोन सरसकट कधीही उडवू नका. शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी लोंबकळत असतील तर जरूर छाटा, हलन्तानंतर असतील तर हात लावू नका.

आता कोणी म्हणेल की नॉर्मलायझेशन करा ना, युनिकोडचं एनएफसी नावाचं ठरावीक रूप लावा, सगळं एकसारखं होईल. लावाच, इनपुट आल्या आल्या लावा, त्याबद्दल दुमत नाही. र खाली नुक्ता देऊन लिहिलेला ऱ एनएफसी एकत्र करून देतं. पण जॉइनरवाला आणि ऱ वाला हे दोन एनएफसी एकत्र करत नाही. आणि आणखी एक ठिकाण आहे जिथे एनएफसी अजिबात मदत करत नाही, ते म्हणजे ॲ. ॲप, ॲसिड, ॲड्रेस यातला ॲ. याला स्वतःचा कोड पॉइंट मिळाला २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये, ०९७२. तोपर्यंत लोक काय करत होते? अ वर चंद्र देत होते, किंवा अ, मध्ये जॉइनर, मग चंद्र, आणि काही जण हिंदी पद्धतीचा ए वरचा चंद्र वापरत होते. तो सगळा मजकूर आजही डेटाबेसात पडून आहे आणि रोज नवीन तयारही होतोय. त्यातच आ वर चंद्र देऊन लिहिलेला ऑफिसमधला ऑ, जो जुन्या फॉन्टातून कन्व्हर्ट केलेल्या मजकुरात खूप सापडतो. तुमच्या सर्चमध्ये कोणी ॲम्ब्युलन्स शोधलं आणि रिकामं पान आलं तर आधी हे बघा.

यावर माझा उपाय साधा आहे. मूळ मजकूर जसा आला तसा एका कॉलममध्ये ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही, फक्त एनएफसी. आणि शेजारी दुसरा कॉलम, सर्च की, त्यात आपलं स्वतःचं छोटं मॅपिंग चालवायचं, ॲ चे सगळे प्रकार एका ॲ वर, जॉइनरवाला अर्धा र ऱ वर, असं. शोधणाऱ्याने टाकलेल्या शब्दावरही तेच फंक्शन चालवायचं. वीसेक ओळींचं काम आहे. दाखवायचं मात्र मूळच, कारण माणसाने नाव जसं लिहिलं तसं त्याला परत दिसलं पाहिजे.

रेजेक्सचं पटकन सांगून टाकतो. पायथनचं जे अंगभूत आरई मॉड्यूल आहे त्यातला स्लॅश डब्ल्यू, म्हणजे शब्दातलं अक्षर ओळखणारी खूण, मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही. मराठी या शब्दावर फाइंडऑल चालवा, तुम्हाला मर आणि ठ असे दोन तुकडे मिळतील, काना आणि वेलांटी गायब. वर्ड काउंट, टॅग काढणं, सगळं यावर उभं असतं आणि सगळं चुकतं. रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज मिळतं ते वापरा, त्यात हे नीट आहे आणि स्लॅश मोठा एक्स म्हणून ग्राफीमही मिळतो. जावास्क्रिप्टमध्ये स्लॅश डब्ल्यू आणि स्लॅश बी हे शब्दांच्या हद्दी फक्त इंग्रजी अक्षरांवरून ठरवतात, तिथे यू फ्लॅग लावून एल आणि एम दोन्ही प्रॉपर्टी घ्याव्या लागतात, आणि आता माहितीये तुम्हाला, जॉइनर नि नॉन-जॉइनर हातानं घालावे लागतात.

आता जरा चांगली बातमी. प्रोफाइलच्या गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवायचं असतं ना, तिथे सगळे सबस्ट्रिंग शून्य ते एक करतात, म्हणजे पहिला कोड पॉइंट तेवढा उचलतात. श्रीकांतचा श होतो, क्षितिजाचा क, ज्ञानेश्वरचा ज. माझ्या मते हे चूकच आहे, क्ष आणि ज्ञ ही आपल्या वर्णमालेत स्वतंत्र म्हणून शिकवली जाणारी अक्षरं आहेत. यासाठी जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचे ग्राफीम पाडून देणारं इंटल डॉट सेगमेंटर आहे. क्रोमला २०२० पासून, सफारीला २०२१ पासून होतं, फायरफॉक्सचं अडलं होतं, ते एप्रिल २०२४ मध्ये व्हर्जन १२५ ला आलं, म्हणजे आता सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये पॉलीफिल, म्हणजे वरून जोडलेला कोड, न लावता चालतं. पीएचपीवाल्यांना नोव्हेंबर २०२४ च्या ८.४ मध्ये ग्राफीम-एसटीआर-स्प्लिट मिळालं.

आणि याच्या खाली एक मोठा बदल झालाय जो फार थोड्या लोकांच्या लक्षात आलाय. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं. त्याच्या आधी ग्राफीमचा नियम हलन्तावर तुटत होता, म्हणजे श्रीकांतचे श्, री, कां, त असे चार तुकडे. १५.१ मध्ये जीबी९सी नावाचा नियम घातला, की सहा भारतीय लिप्यांमध्ये, देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम, व्यंजन, हलन्त, व्यंजन अशी जोडी तोडायची नाही. आता तीन तुकडे. पहिलीतल्या पोराचं उत्तर आणि स्टँडर्डचं उत्तर एक झालं, मला हे वाचून मनापासून आनंद झाला होता. पण कामाच्या दृष्टीने यातला धोका समजून घ्या, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा नोड जुना, ब्राउझर नवीन, तर एकाच नावाची लांबी दोन ठिकाणी वेगळी येणार. म्हणून ग्राफीमची संख्या डेटाबेसात साठवू नका, आणि त्यावर ऑफसेट, म्हणजे मजकुरातल्या जागांचे आकडे, तर अजिबात बांधू नका. ग्राफीम फक्त माणसाला दाखवण्यासाठी, कापण्यासाठी, कर्सर हलवण्यासाठी. कॉलमची मर्यादा बाइट किंवा कोड पॉइंटमध्येच ठरते. ओरॅकलमध्ये व्हारकॅर-टू ५० लिहिलं आणि कॅर असं स्पष्ट सांगितलं नाही तर डिफॉल्टने ते ५० बाइट असतात, म्हणजे मराठीचे जेमतेम १६ कोड पॉइंट, पूर्ण नाव बसणं कठीण. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल कॅरेक्टर मोजतात, तिथे हा त्रास नाही. एसएमएसचंही असंच, इंग्रजी १६० बसतात, मराठीचं एक अक्षर जरी आलं की मर्यादा ७० वर येते, आणि मेसेज तुटला की प्रत्येक तुकड्यात ६७. मराठी टेम्प्लेट लिहिणाऱ्याला हे आधी सांगा, बिल आल्यावर नको.

अंकांबद्दल एक सांगायचं राहू नये. १२३ असं देवनागरीत टाइप केलं तर पायथनचा इंट ते वाचतो, जावाचा पार्सइंट वाचतो, जावास्क्रिप्टचा नंबर मात्र नॅन, म्हणजे ‘हा आकडा नाही’, असं देतो. म्हणजे वेबवर अडणारा पिन कोड एपीआयवरून आरामात आत जातो, आणि स्ट्रिंग म्हणून साठवला असेल तर पुढे जुळत नाही. आणि उलट बाजूने, एमआर-आयएन, म्हणजे भारतातली मराठी, हे लोकेल देऊन टू-लोकेल-स्ट्रिंग केलं की रक्कम देवनागरी अंकांतच येते, ती कोणी इनपुटमध्ये भरून परत पार्स केली की खेळ खलास. आत येताना अंक एका साच्यात आणा, बाहेर जाताना लोकेल लावा. आणि यादी लावायची असेल तर कोड पॉइंटवर सॉर्ट करू नका, त्यात ळ हा ल आणि व च्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. भाषेप्रमाणे क्रम लावणाऱ्या इंटल डॉट कोलेटरला एमआर द्या, आणि निकाल एखाद्या शब्दकोशाशेजारी ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

हे सगळं फक्त आपल्यासारख्यांच्या छोट्या प्रॉडक्टमध्ये होतं असं समजू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतला ज्ञा, म्हणजे काही कोड पॉइंट आणि मध्ये एक नॉन-जॉइनर, एवढा मेसेज आला की आयफोनची ॲप बंद पडत होती. ॲपलने आयओएस ११.२.६ काढून ते दुरुस्त केलं. जगातल्या इतक्या मोठ्या टीमच्या नजरेतूनही असा मजकूर सुटतो.

आमच्या रेपोत आता एक टेस्ट डेटाची फाइल आहे. त्यात श्रीकांत आहे, क्षितिजा आहे, कऱ्हाडे दोन्ही पद्धतींनी आहे, ॲ चे सगळे प्रकार आहेत, दऱ्या आणि दर्या शेजारी शेजारी आहेत, आणि टेस्ट म्हणते की हे दोन कधीही समान येता कामा नयेत. ज्यांना हवी त्यांनी नंतर भेटा, देतो.

आणि त्या फिक्सचं पुढे काय झालं ते कोणीतरी विचारणारच. तो चार दिवस लाइव्ह होता. मागे घेतला, पण चार दिवसांत आलेल्या नावांमधला जॉइनर गेला तो गेलाच, लॉगमध्येही साफ केलेलंच नाव होतं. रफार असलेली नावं काढणारी क्वेरी सोपी होती, पण त्यातला खरा रफार कुठला आणि आम्ही केलेला कुठला हे कोडला कळत नाही. आम्ही कागदी अर्ज मागवले, आणि मी आणि ती सपोर्टची मुलगी, दोन दिवस बसून एकेक आडनाव वाचून परत टाकलं.