पाहुण्यांचं वायफाय ओसरीवर

मंडळी, गिऱ्हाईक 'वायफायचा पासवर्ड काय?' असं विचारतं, तेव्हा तुम्ही कुठला पासवर्ड सांगता? हसलात, म्हणजे कळलं. बिलिंगच्या कॉम्प्युटरला आहे तोच!

मग गिऱ्हाइकाचा मोबाइल, तुमची टॅली, प्रिंटर आणि कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, सगळे एका पंगतीला बसतात. गिऱ्हाईक सज्जन असेल हो. पण त्याच्या मोबाइलमधलं कुठलं अॅप सज्जन आहे, हे त्यालाही ठाऊक नसतं. आणि डीव्हीआरचा पासवर्ड तर बसवणारा ठेवून गेला तोच अजून असतो.

जुन्या वाड्यात आलागेला ओसरीवर बसायचा, माजघरात नाही. इथेही तेवढंच करायचं आहे. पण ओसरी बांधताना हमखास एक घोळ होतो. इंटरनेट कंपनीनं दिलेल्या राउटरवर ऑफिस चालू असतं. आपण बाजारातून दुसरा स्वस्तातला राउटर आणतो, त्याची वायर पहिल्याला जोडतो आणि तो पाहुण्यांना देतो. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आपण खूश. प्रत्यक्षात पाहुण्याची वाट आता माजघरातूनच जाते. हा दुसरा राउटर बाहेरच्यांना आत येऊ देत नाही, पण त्याच्या आतल्यांना, म्हणजे पाहुण्यांना, बाहेर जाताना अडवत नाही. आणि त्याच्या लेखी 'बाहेर' म्हणजे तुमचं ऑफिस!

हे मी स्वतः एका लॉजमध्ये करून ठेवलं होतं. शाबासकीही घेतली. पुढे तिथे उतरलेल्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका पोरानं खोलीत बसून ऑफिसच्या प्रिंटरवर कागद काढला: 'चादर बदला.'

दोनच राउटर वापरायचे असतील तर क्रम उलटा करा. पहिला पाहुण्यांना, त्याच्या मागचा ऑफिसला. प्रिंटर आणि डीव्हीआरही मागच्यावर. त्याहून बरं म्हणजे, हल्लीच्या बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतंच, ते चालू करा. त्यात पाहुण्यांना आतल्या नेटवर्कची परवानगी देणारी एक खूण असते, ती काढलेली हवी. मात्र तोच राउटर दुसऱ्या राउटरचं वायफाय नुसतं पसरवायला, म्हणजे 'अॅक्सेस पॉइंट' म्हणून लावलात, तर काही मॉडेलांत ही भिंत उभीच राहत नाही. तिथे व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरीवर दोन नेटवर्क वेगळी ठेवायची सोय, लागतं; जाणकाराला बोलवा.

पाहुण्यांचा वेग बांधून द्या, पासवर्डाचा क्यूआर काउंटरवर चिकटवा. चहाच्या हॉटेलवाल्यांसाठी एक जास्तीचं. जोडलेल्या प्रत्येक मोबाइलला राउटर आकड्यांचा एक पत्ता देतो. साध्या राउटरकडे असे वाटायला फार तर अडीचशेच्या आसपास पत्ते असतात आणि दिलेला पत्ता बऱ्याचदा २४ तास अडकून राहतो. गर्दीच्या दिवशी संध्याकाळी 'वायफाय लागत नाही' ही ओरड त्यामुळेही होते. राउटरच्या सेटिंगमध्ये ती मुदत तासा-दोन तासांवर आणा.

कोणीतरी विचारलं, कार्डाचं मशीन कुठे? माजघरात.

आज घरी जाण्याआधी एवढं करून बघा. मोबाइल पाहुण्यांच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये ऑफिसच्या प्रिंटरचा १९२.१६८ वगैरे जो पत्ता असेल तो टाका. प्रिंटरचं पान उघडलं, तर मला उद्या फोन करा. चादरीचं मात्र विचारू नका.