दोरीपलीकडचं राज्य

(पडद्यावर: एक काळा मार्कर. कॅनव्हासच्या बुटावरची गुलाबी पट्टी हळूहळू झाकली जातेय.)

चार बहिणींत एकटा भाऊ, आणि घरात पैशाची कायमची ओढाताण. त्यामुळे बूटसुद्धा बहिणीचेच. शाळेत हसं होऊ नये म्हणून जेस त्यावरचा गुलाबी रंग मार्करनं काळा करतो.

'ब्रिज टू टेराबिथिया', २००७ सालचा सिनेमा. ट्रेलरमध्ये राक्षस आणि उडणारे प्राणी पाहून आईबापांनी पोरांना थिएटरात नेलं आणि बाहेर येताना सगळेच डोळे पुसत होते. ती जाहिरात फसवी होती, हे सांगूनच टाकायला हवं. कारण हा सिनेमा मुळात दोन पोरांच्या मैत्रीचा आहे.

त्याच बुटांवर जेस शर्यतीत उतरतो, आणि शेजारी नव्यानं राहायला आलेली लेस्ली सगळ्या मुलांना मागं टाकून पुढं जाते. जेस चिडतो. पण दोघांची गाठ पडते ती इथंच.

(पडद्यावर: ओढा. झाडाला लोंबकळणारी जुनी दोरी.)

घरामागच्या रानात एक ओढा आहे. दोरीला लटकून, झोका घेऊन पलीकडं जायचं. जेस बिचकतो. लेस्ली आधी जाते, मान मागं टाकून, नजर वर. मग कॅमेराही वर बघतो: पानं, फांद्या, मधूनमधून आभाळ, आणि सगळं गरगर फिरतंय. या क्षणी पडद्यावर एकही जादूचा प्राणी नसतो. तरी पलीकडं पाय टेकले की आपण दुसऱ्या मुलखात आलोय, हे पटतं.

दोघांच्या कल्पनेतल्या त्या मुलखाचं नाव टेराबिथिया. तिथले शत्रू शाळेतूनच येतात. वर्गात छळणारी दोन पोरं, हॉगर आणि फुल्चर. रानात हॉगर खारीसारखा चावरा प्राणी होतो आणि फुल्चर केसाळ गिधाड. शाळेच्या बाथरूमबाहेर उभी राहून लहान मुलींकडून पैसे उकळणारी जॅनिस तिथं झाडांएवढी राक्षसीण होते. दिवसभर मुकाट सोसायचं आणि संध्याकाळी रानात त्याचा हिशेब चुकता करायचा.

गोष्ट अमेरिकेतली, चित्रीकरण मात्र न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या आसपास. पडद्यावरचे प्राणी घडवले न्यूझीलंडच्याच वेटा डिजिटल या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीनं. दिग्दर्शक गाबोर चुपो मूळचे हंगेरीचे. तोवरची त्यांची कारकीर्द कार्टूनची, जित्याजागत्या नटांचा हा त्यांचा पहिलाच सिनेमा. प्राणी झकास जमलेत. पण मला विचाराल तर, ते अर्धवट दिसतात, फांदी हलते आणि नुसती सावली सरकते, तेव्हाच जास्त खरे वाटतात.

(पडद्यावर: संग्रहालयातली चित्रं. जेस आणि त्याच्या संगीताच्या बाई.)

मग तो शनिवार. बाई जेसला शहरात चित्रं दाखवायला नेतात. जाताना लेस्लीचं घर मागं पडतं, पण तिलाही बोलवू या, असं काही तो म्हणत नाही. बाई फक्त आपल्याला घेऊन निघाल्या, याचा त्याला आनंद आहे. संग्रहालयात मात्र तो म्हणतो, पुढच्या वेळी लेस्लीला आणू.

घरी येतो तर सगळे वाट बघत बसलेले. लेस्ली एकटीच रानात गेली होती. दोरी तुटली.

ही कल्पना कुण्या पटकथाकाराला सुचलेली नाही. सिनेमा बेतलाय एका कादंबरीवर. १९७४ साली तिच्या लेखिका कॅथरिन पॅटरसन यांच्या मुलाची, डेव्हिडची, जिवलग मैत्रीण वीज पडून गेली. वय आठ वर्षं. लेखिका स्वतःही त्याच वर्षी कर्करोगाला तोंड देत होत्या. देवाचा आपल्यावर राग आहे म्हणूनच ती गेली, असं डेव्हिडच्या मनानं घेतलं. आता धाकट्या बहिणीची पाळी, ही धास्तीही त्याला होती. आईनं कादंबरी लिहायला घेतली, पण मैत्रिणीच्या मृत्यूचं प्रकरण आलं आणि हात थबकला. १९७७ साली पुस्तक आलं, पुढच्याच वर्षी त्याला न्यूबेरी पदक, अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळालं. तीस वर्षांनी सिनेमाची पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होता तोच डेव्हिड.

(पडद्यावर: रानात धावणारा जेस. मागं काळी आकृती.)

लेस्ली गेल्यावर जेस रानात पळत सुटतो. टेराबिथियाचा काळा मालक, त्यांच्या कल्पनेतला शत्रू, त्याच्या मागं लागतो, गाठतो, धरतो. तर ते असतात त्याचे वडील. हार्डवेअरच्या दुकानात राबणारे, धाकट्या लेकीचे लाड करणारे आणि याच्याशी कायम तुटक वागणारे. ते त्याला घट्ट मिठीत घेतात. सबंध सिनेमात पोरगा ज्याची वाट बघत होता ते असं, चिखलात, रडताना मिळतं.

एके दिवशी धाकटी बहीण मे बेल जेसच्या मागं ओढ्यावर येते, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर मध्येच अडकते. तो तिला ओढून काढतो. मग लेस्लीच्या रिकाम्या झालेल्या घरातल्या फळ्या वाहून आणतो, एकेक ठोकत ओढ्यावर पूल घालतो. दोरी नको आता.

(पडद्यावर: पुलाच्या टोकाशी भाऊ आणि बहीण. हातोड्याचा आवाज थांबलेला.)

मे बेलच्या डोक्यावर तो मुकुट ठेवतो. तिचा हात धरतो आणि पलीकडं काय दिसतंय, ते तिला सांगायला लागतो.