सोर्समधून बिल्ड करायचं की अ‍ॅप्टनं घ्यायचं? कर्लवर बघू

डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) वर टर्मिनल उघडा आणि कर्लचं, म्हणजे नेटवरून डेटा आणणाऱ्या-पाठवणाऱ्या कमांडचं, व्हर्जन विचारा. हे कर्ल अ‍ॅप्टनं, म्हणजे डेबियनच्या पॅकेज मॅनेजरनं, बसवलेलं. उत्तर येतं ७.८८.१. "शी, किती जुनं!" म्हणत बरेच जण लगेच टारबॉल, म्हणजे सोर्स कोडचं गाठोडं, उतरवायला धावतात. थांबा जरा.

सप्टेंबर २०२३. कर्ल ८.३.० नुकतंच आलंय. तुम्ही त्याचा सोर्स घेऊन कॉन्फिगर केलंत, मेक करून बिल्ड केलंत, सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क) मेक इन्स्टॉल करून यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये बसवलंत. आता पुन्हा व्हर्जन विचारा.

(स्क्रीनवर: पहिली ओळ मोठी करून दाखवणे)

नीट बघा, पहिल्याच ओळीत दोन नंबर आहेत. कर्ल ८.३.०, पण लिबकर्ल ७.८८.१! प्रोग्राम तुमचा, पण आतलं खरं काम करणारी लायब्ररी, म्हणजे लिबकर्ल, डेबियनची. मग कधीतरी एरर ४८ येते, की लिबकर्लला हा ऑप्शन माहीतच नाही. तुम्ही सुडो एलडीकॉन्फिग चालवून सिस्टिमची लायब्रऱ्यांची यादी ताजी करता, दोन्ही नंबर जुळतात, आणि तुम्ही खूश.

११ ऑक्टोबरला कर्लवाल्यांनी जाहीर केलं की सॉक्स५ प्रॉक्सीच्या (मधल्या सर्व्हरमार्फत जोडणीच्या) कोडमध्ये बफर ओव्हरफ्लो, म्हणजे सुरक्षेचं भोक, आहे. दुरुस्ती ८.४.० मध्ये आली. डेबियननं १२ च्या नेहमीच्या अपडेटमध्ये ८.४.० आणलंच नाही. फक्त तेवढ्या दुरुस्तीचा पॅच ७.८८.१ वर बसवला आणि पॅकेजच्या नंबराचं शेपूट वाढवलं. ज्यांनी नेहमीसारखं अ‍ॅप्ट अपग्रेड केलं, त्यांचं काम झालं. त्यामुळे "जुना नंबर म्हणजे असुरक्षित" हे डोक्यातून काढा.

आणि तुमचं काय? तुम्हीही अपग्रेड केलंत, डेबियनची प्रत दुरुस्त झाली. पण पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, यूएसआर-लोकल आधी येतं, म्हणजे कर्ल टाइप केलं की चालतं ते तुमचंच, भोकासकट. डीपीकेजीला, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला, डॅश कॅपिटल एस देऊन विचारा ही फाइल कुणाची. उत्तर मिळतं, असा पाथ सापडला नाही. त्याच्या वहीत ती नोंदच नाही, मग अपडेट कोण करणार?

मी सोर्सच्या विरोधात नाही हं. डेबियननं बंद ठेवलेला एखादा ऑप्शन हवा असेल तर बिल्ड करावंच लागतं. पण आधी बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे जुन्या डेबियनसाठी नव्या व्हर्जन्सच्या पॅकेजांच्या साठ्यात, बघा, तिथे बऱ्याचदा काम भागतं. नाही भागलं तर डेबियनचाच सोर्स घ्या. सोर्सेस यादीत डेब-एसआरसी (सोर्स पॅकेजांची ओळ) चालू करा, अ‍ॅप्ट बिल्ड-डेप कर्ल द्या, अ‍ॅप्ट सोर्स कर्ल द्या, बिल्डच्या सूचनांच्या रूल्स फाइलमध्ये हवा तो बदल करा आणि डीपीकेजी-बिल्डपॅकेज चालवा. हातात येते रीतसर डेब फाइल. ती टाकलीत की नोंद राहते, काढायची तर अ‍ॅप्ट रिमूव्ह. एक लक्षात ठेवा, पुढचा सिक्युरिटी अपडेट आला की तो तुमच्या बदललेल्या पॅकेजची जागा घेईल आणि बिल्ड पुन्हा करावं लागेल. मला विचाराल तर हे असंच व्हायला हवं.

नुसतं खेळून बघायचंय? कॉन्फिगरला प्रीफिक्स, म्हणजे कुठे बसवायचं तो पाथ, होममधल्या एखाद्या फोल्डरचा द्या. सुडोची गरजच नाही, नको झालं की फोल्डर उडवा.

आणि ज्यांनी आधीच यूएसआर-लोकलमध्ये टाकून ठेवलंय त्यांनी बिल्डचा फोल्डर शोधा. त्यात जाऊन सुडो मेक अनइन्स्टॉल, मग सुडो एलडीकॉन्फिग, आणि शेवटी हॅश डॅश आर, नाहीतर बॅश (टर्मिनलमधला कमांड चालवणारा प्रोग्राम) जुन्याच पाथवर कर्ल शोधत बसेल.