एकोणीस वर्षांचे वडीलधारे

(दृश्य: पहाटेचा अंधार, बर्फावर बुटांची करकर. मग काळ्या ओव्हरकोटावरची नावाची पट्टी, अगदी जवळून.)

ही पट्टी नीट बघा. काळी, प्लास्टिकची, चार बोटं रुंद. तिच्यावरचं आडनाव आम्ही धूसर केलंय. आडनावाशेजारची दोन चित्राक्षरं मात्र तशीच ठेवली आहेत. ती 'चोरो' अशी वाचतात. चोरो म्हणजे गावातली वडीलधारी असामी, चार लोक ज्याचा सल्ला घ्यायला येतात असा केस पिकलेला माणूस.

पट्टी लावणाऱ्याचं वय 19. हनुवटीवर मुरुमं आहेत, आणि दाढी करताना आज सकाळी कापलंय.

मूळ शब्द 'एल्डर'. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या पंथाचे तरुण प्रचारक जगभर याच नावानं वावरतात. मुलगी असेल तर 'सिस्टर'. आपण या पंथाला मॉर्मन म्हणतो, पण 2018 मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी बजावलं, की टोपणनाव पुरे, पूर्ण नाव घ्या. सांगायला सोपं आहे. जपानीत हे पूर्ण नाव 'मात्सुजित्सु सेइतो इएसु किरिसुतो क्योकाइ' असं होतं. घराबाहेरच्या इंटरकॉमवर हे एका दमात म्हणायचं असतं. 'किरिसुतो'पर्यंत पोचायच्या आतच पलीकडून खट् असा आवाज येतो.

हे साप्पोरो. जपानच्या उत्तरेचं होक्काइदो बेट, त्याचं मुख्य शहर. वस्ती वीस लाखांच्या घरात. एका हिवाळ्यात इथं पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो, थोडा थोडा करून, पण रोज.

आणि हा मुलगा आला आहे अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावाहून. वाळवंट. तिथं डिसेंबरात दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट चालतो आणि परसात लिंबं लागलेली असतात. त्याचा जोडीदार ओकिनावाचा, म्हणजे जपानच्या पार दक्षिणेचा. बर्फाच्या बाबतीत दोघंही सारखेच अडाणी. पहिल्या आठवड्यात कोण किती वेळा आपटलं याचा हिशेब त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठेवलाय. ओकिनावा पुढं आहे.

(दृश्य: खोली. रॉकेलचा हीटर, दोन गाद्या, वाळत घातलेले मोजे.)

साडेसहाला उठायचं. उजाडायला अजून अर्धा तास असतो. जोर-बैठका, आंघोळ, भात, अंडं, मग अभ्यास: आधी धर्मग्रंथ, मग जपानी. रात्री साडेदहाला दिवा बंद. मधले सगळे तास बाहेर. हे दोन वर्षं. पगार नाही. उलट घरच्यांनीच पैसे भरायचे. अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी 2020 पासून महिन्याला 500 डॉलर. यानं शाळेत असताना शेजाऱ्यांची हिरवळ कापून त्यातले बरेचसे स्वतः साठवले होते.

नियमांची यादी लांबलचक आहे, ती सगळी वाचत बसत नाही. चहा-कॉफी नाही, ती तर पंथातल्या कुणालाच नाही. दोन वर्षं प्रेमप्रकरण नाही. कुठं जायचं ते आपण ठरवायचं नाही. पत्र येतं, त्यात गाव असतं. आणि मुख्य म्हणजे एकटं राहायचं नाही, कधीच. जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा. जपानीत त्याला 'दोर्‍यो' म्हणतात, म्हणजे सहकारी, कचेरीत असतो तसा. तो आपण निवडलेला नसतो. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, तेव्हा कदाचित बदलतो. घोरणारा मिळाला तर सहा आठवडे घोरणं.

सक्ती आहे का, असं आम्ही त्याला विचारलं. नाही म्हणाला, पटकन म्हणाला. पंथाच्या भाषेत मुलग्यांसाठी हे कर्तव्य आणि मुलींसाठी मर्जीचा मामला. 2012 मध्ये मुलग्यांचं किमान वय 19 वरून 18 वर आणलं, त्यामुळे शाळा संपली की लगेच निघता येतं. आता बारावीनंतर इंजिनिअरिंगच कर असं आपल्याकडे तरी कोण कुणाला बांधून घालतं? तरी मावशी, काका, शेजारचे जोशी, सगळे विचारतातच ना, 'मग, कुठं घेतलीस अ‍ॅडमिशन?' तशातला प्रकार. जे मध्येच परत येतात, त्यांना गावात काय काय ऐकावं लागतं, हे तो सांगत नाही. पण त्याच्या वर्गातला एक जण परत आलाय, आणि त्याला हा दर सोमवारी मेल लिहितो.

सोमवार सुट्टीचा. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घरी मेल आणि फोन. बाकी सहा दिवस दारं.

(दृश्य: गल्ली. दुपारी तीन, उजेड आत्ताच मावळतीला लागलेला.)

साप्पोरोत चौकाचौकात पेट्या ठेवलेल्या असतात. आत बारीक खडीच्या पिशव्या. पादचाऱ्यानं आपली पिशवी काढायची, फोडायची, निसरड्या जागी भुरभुरवायची आणि पुढं जायचं. इथल्या बर्फाच्या काचेला लोक 'त्सुरुत्सुरु' म्हणतात. शब्दावरूनच घसरायला होतं. हे दोघं प्रत्येक चौकात एक पिशवी फोडतात. दिवसभरात त्यांनी नक्की उपयोगाचं असं काय केलं, तर हे, असं मला तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं होतं.

कारण दारं उघडत नाहीत. आम्ही मोजायचं ठरवलं होतं, तिसाच्या पुढं सोडून दिलं. बहुतेक घरांत कुणी बोलतच नाही. इंटरकॉमचा बारीक दिवा लागतो, आपल्याला कुणीतरी बघतंय हे कळतं, आणि दिवा विझतो. जे बोलतात ते म्हणतात, 'केक्को देस.'

केक्को म्हणजे उत्तम, छान. पण दारातून म्हटलं की 'नको, धन्यवाद'. आपल्या 'बघू हं' ची ही जपानी बहीण. अमेरिकेत जपानीचे दोनेक महिन्यांचे धडे घेऊन आलेल्या या पोराला ते ठाऊक नव्हतं. पहिले काही दिवस तो 'छान' ऐकून आनंदानं दाराशीच उभा राहायचा, आता उघडेल म्हणून.

याच्याच वयाचा एक मुलगा 1901 च्या ऑगस्टमध्ये योकोहामा बंदरात उतरला होता. आल्मा टेलर. जपानला आलेल्या पहिल्या चार मॉर्मन प्रचारकांतला सगळ्यात धाकटा, नुकताच 19 पूर्ण झालेला, जपानीचा गंध नाही. तो आठ वर्षांहून जास्त राहिला आणि पंथाचा मुख्य ग्रंथ, बुक ऑफ मॉर्मन, जपानीत आणला. 1909 मध्ये तो छापून निघाला. एवढं करूनही माणसं फारशी जमली नाहीत. 1924 मध्ये काम बंद करून सगळे परत गेले, ते दुसऱ्या महायुद्धानंतर 1948 मध्ये पुन्हा आले. आज जपानभर सव्वा लाखाच्या वर सभासद नोंदीत आहेत. रविवारी प्रार्थनेला दिसतात त्याहून बरेच कमी. 1980 च्या सुमारास टोकियोकडे घाईघाईनं पुष्कळ बाप्तिस्मे उरकले गेले, त्यातले कित्येक जण पुन्हा फिरकलेच नाहीत.

जाता जाता एक आपली गोष्ट. ह्यू फिंडले नावाचा यांचा एक स्कॉटिश प्रचारक 1852 मध्ये मुंबईला उतरला आणि पुढं पुण्याला गेला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत थारा दिला नाही. हाताशी लागलेली माणसं डझनभर. थोडक्यात, 'बघू हं' यांनी आपल्याकडेही ऐकलंय, आणि तेही पुण्यात.

(दृश्य: चर्चच्या इमारतीतला वर्ग. फळा, घडीच्या खुर्च्या.)

दार उघडत नसेल तर इंग्रजी उघडतं. आठवड्यातून एकदा फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग, 'एइकाइवा'. डिसेंबरात गर्दी जरा वाढते. एक निवृत्त रेल्वेवाले, दोन नर्सबाई, एक शाळकरी मुलगी आणि तिला सोडायला येऊन तिथंच बसणारे तिचे आजोबा. आजचा विषय नाताळ. 'तुमच्या घरी 24 तारखेला काय करतात?' असं एल्डर विचारतो. नर्सबाई म्हणतात, चिकन. रेल्वेवाले म्हणतात, केक. मुलगी लाजते आणि म्हणते, ताईचा बॉयफ्रेंड येतो.

तिघांचंही बरोबर आहे. जपानचा नाताळ हाच आहे. 1974 मध्ये केएफसीनं 'नाताळला केंटकी' अशी देशभर जाहिरात केली आणि ती अशी काही बसली, की आज त्या रात्रीच्या चिकनची ऑर्डर आठवडे आधी द्यावी लागते. दुकानाबाहेर केएफसीच्या कर्नल सँडर्स आजोबांचा पुतळा असतो, त्याला सांताचे कपडे. केक म्हणजे पांढरं क्रीम आणि वर स्ट्रॉबेरी. आणि 24 ची रात्र जोडप्यांची. ख्रिस्ती माणसं लोकसंख्येच्या एखाद टक्का, सुट्टी नाही, पण दिवे गावभर. साप्पोरोच्या ओदोरी बागेतली रोषणाई 1981 पासून चालू आहे. म्युनिक हे साप्पोरोचं भगिनी-शहर, म्हणून 2002 पासून तिथं जर्मन पद्धतीचा नाताळबाजारही भरतो.

म्हणजे या मुलाची अवस्था बघा. तो ज्या एका जन्माची गोष्ट सांगायला समुद्र ओलांडून आलाय, तिचा वाढदिवस सगळं शहर साजरा करतंय, आणि कुणाचा ते कुणी विचारत नाहीये. शिवाय रात्र जोडप्यांची, आणि याची जोडी ओकिनावाच्या मुलाशी.

24 च्या संध्याकाळी ते ओदोरीतून चालले होते. दोन काळे ओव्हरकोट, सभोवती हातात हात घातलेली माणसं. एका मुलीनं त्यांना फोटो काढायची विनंती केली. त्यांचा नव्हे, तिचा आणि तिच्या मित्राचा. एल्डरनं हातमोजा दातांनी ओढून काढला, फोन आडवा धरला, मग उभा धरला, मागचा टीव्ही टॉवर चौकटीत यावा म्हणून चक्क बर्फात गुडघा टेकला. चार फोटो काढले. तिनं वाकून आभार मानले. आता हा बोलेल, खिशातलं पत्रक काढेल, असं आम्हाला वाटलं. कॅमेरामननं फोकस लावूनही ठेवला होता. हा 'मेरी कुरिसुमासु' म्हणाला आणि पुढं गेला. का नाही बोललास? तर म्हणाला, 'त्यांची डेट होती ना.'

(दृश्य: 25 डिसेंबर, सकाळी नऊ. टेबलावर फोन, बशीला टेकवून उभा.)

साप्पोरो आणि मेसा यांच्यात 16 तासांचं अंतर. इथं नाताळची सकाळ, तिथं आदल्या दिवशीची संध्याकाळ. पूर्वी प्रचारकांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदा होती: नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी 2019 मध्ये नियम बदलला, आता दर आठवड्याला बोलता येतं. याचा थोरला भाऊ जुन्या नियमातला, ब्राझीलला होता. तेव्हा आई म्हणे महिनाभर फ्रिजवर एक कागद चिकटवून ठेवायची. काय विचारायचं ते आठवेल तसं लिहायचं, म्हणजे फोनवर रडण्यात वेळ गेला तरी मुद्दे राहायला नकोत. पहिला मुद्दा कायम एकच: दात.

आता कागदाची गरज नाही. फोन लागतो. लिंबाचं झाड, कुत्र्याचा पाय, धाकटीचं गाडी शिकणं. आई म्हणते, कान किती लाल झालेत तुझे, टोपी कुठाय? आणि मग ती त्याला हाक मारते, नावानं. पहिल्या नावानं.

ते नाव आम्ही आवाजातून काढून टाकलंय. त्याचीच विनंती होती. चौदा महिने त्याला त्या नावानं घरच्यांखेरीज कुणी हाक मारलेली नाही. जोडीदारालाही ते माहीत नव्हतं. ओकिनावाचा मुलगा पलीकडे भांडी घासत होता. हाक ऐकून त्यानं नळ बंद केला, वळून बघितलं, ते नाव एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, आणि नळ परत सोडला.

दुपारी ते एका आजींकडे गेले. पंचाहत्तरीच्या पुढच्या, एकट्या. साप्पोरोत म्हातारपणी एकटं राहणं म्हणजे रोज सकाळी दारापुढचा बर्फ आणि आपण. हे दोघं महिनाभरापासून येतात. हत्याराचं नाव 'मामा-सान डंप': मोठ्या घमेल्याला दांडा लावावा तसं, दोन्ही हातांनी पुढं ढकलायचं. बर्फ उचलायचा नसतो, सरकवायचा असतो, हे आजींनीच शिकवलं. वाळवंटातला मुलगा उचलत होता, तिसऱ्या दिवशी पाठ धरली.

आजींना धर्म नको आहे. तसं त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं: घरात बुद्धाचं देवघर आहे, नवरा त्यात आहे, मला पुरे. पण काम झाल्यावर हिरवा चहा आणला. यांना तो चालत नाही. पंथाच्या नियमात 'चहा' म्हणजे हाही चहाच. ओकिनावाच्या मुलानं कान लाल करून समजावलं. आजींनी दोन्ही पेले आत नेले आणि साधं गरम पाणी आणलं, सोबत चार संत्री. 'आता पाण्याला तरी काही आहे का?' असं म्हणाल्या.

त्या पट्टीवरच्या अक्षरांना तर त्या मोठ्यानं हसतात. 'तू चोरो? मग मी कोण, शाळकरी पोर?' त्या त्याला 'ओनीचान' म्हणतात. आपण रस्त्यातल्या पोराला 'ए दादा' म्हणतो तसं.

(दृश्य: 26 डिसेंबर, सुपरमार्केट. कामगार शिडीवर.)

रातोरात नाताळ उतरला. लाल-हिरवं गेलं, त्या जागी भाताच्या पेंढ्याचे दोर आणि नवीन वर्षाचे तांदळाचे गोल गोळे, त्यांना 'मोची' म्हणतात. उरलेले केक निम्म्या किमतीत. एल्डरनं एक घेतला, दोघांत, उभ्या उभ्या खाल्ला.

रात्री पुन्हा वीतभर बर्फ पडला होता. सकाळी साडेनऊला ते आजींच्या गल्लीत होते. मामा-सान डंप काढला, सुरुवात केली. वरची खिडकी दोन बोटं उघडली.

'ओनीचान, डावीकडून घे रे आधी. काल सगळा बर्फ माझ्या कुंड्यांवर घातलात.'