भिंतींनीसुद्धा खाल्लं पाहिजे : इंदूरची फेस्तं आणि इंदूरची ताटं

(दृश्य : सकाळ. लाल चर्चचा दर्शनी भाग. पोह्याच्या ठेल्यावरची वाफ.)

नमस्कार मंडळी. हे इंदूरचं लाल चर्च. ऑटोवाल्याला लाल चर्च म्हटलं की काम झालं, पण कॅथेड्रलचं नाव आहे संत फ्रान्सिस असिसीकर यांचं, आणि आजची गोष्ट यांच्यापासूनच सुरू व्हायला पाहिजे, कारण खाणं आणि हसणं या दोन बाबतीत या संताने जे करून ठेवलंय ते इंदूरसारख्या खवय्या गावाला एकदम फिट बसतं.

फ्रान्सिस म्हणजे पूर्ण फकीर. वडील कापडाचे मोठे व्यापारी, पोराने चारचौघांत अंगावरचे कपडे उतरवून वडिलांना परत दिले आणि पुढे आयुष्यभर जे मिळेल ते खाल्लं, उपवास तर विचारूच नका. असा माणूस जेवणाबद्दल काय बोलणार? तर एका वर्षी नाताळ आला शुक्रवारी. शुक्रवारी मांस वर्ज्य. त्याच्या साथीदारांपैकी भाऊ मोरिको नावाच्या एकाने शंका काढली की आज शुक्रवार आहे, मग मांस कसं चालेल. फ्रान्सिस त्याच्यावर उखडला. म्हणाला, ज्या दिवशी बाळ जन्मलं त्या दिवसाला तू शुक्रवार म्हणतोस? आज भिंतींनीसुद्धा मांस खाल्लं पाहिजे, आणि त्यांना खाता येत नसेल तर निदान वरून फासा तरी!

हे मी मनाचं सांगत नाहीये, त्याचं चरित्र लिहिणाऱ्या चेलानोच्या थॉमसने लिहून ठेवलंय. आणि पुढे काय, तर सम्राट भेटला तर त्याला सांगून कायदा करून घेईन म्हणायचा, की नाताळला सगळ्यांनी रस्त्यावर धान्य टाकायचं, चंडोल पक्ष्यांना पोटभर मिळालं पाहिजे, आणि गोठ्यातल्या बैलाला, गाढवाला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चारा. आपण घरोघरी नाताळला जो गोठा मांडतो ना, त्याची सुरुवातही याच्याच नावावर आहे. १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या गावात त्याने खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळ केला होता.

(दृश्य : कढईत बदामाची पूड, वरून साखरेचा पाक.)

आता हे बदाम कशाला? फ्रान्सिस वारला ३ ऑक्टोबर १२२६ ला संध्याकाळी, म्हणजे २०२६ मध्ये बरोबर ८०० वर्षं. शेवटच्या आजारपणात त्याला एक गोष्ट खावीशी वाटली, रोममध्ये जाकोपा नावाची त्याची मैत्रीण बदामाची एक मिठाई करायची, ती. घ्या! सगळं सोडलेला माणूस, आणि मरताना मिठाई आठवते. निरोप लिहून होतोय तोपर्यंत बाई स्वतःच मिठाईचं सामान घेऊन दारात हजर. पण मठात बायकांना आत यायला बंदी. आता काय करायचं? फ्रान्सिस म्हणाला, येऊ द्या तिला, हा नियम भाऊ जाकोपाला लागू नाही. तिला तो भाऊच म्हणायचा. प्रश्न मिटला.

म्हणून ४ ऑक्टोबरला, त्याच्या फेस्ताला, म्हणजे संताच्या सणाला, आमच्याकडे बदामाच्या वड्या होतात. आमचं घर मूळ वसईचं, आजोबा रेल्वेच्या नोकरीत इंदूरला आले आणि इथलेच झाले. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि जेवणात अर्धी वसई, अर्धा माळवा. आजी वड्या थापताना दरवर्षी ही जाकोपाची गोष्ट सांगते आणि दरवर्षी भाऊ जाकोपा म्हणताना तिला स्वतःलाच हसू येतं, मग बाकीचे हसतात, वडी जरा जाडी थापली जाते, काही बिघडत नाही.

फेस्त म्हटलं की लोकांना नाताळ, ईस्टर आणि फार तर वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा एवढंच डोळ्यापुढे येतं. पण कॅथलिक कॅलेंडर उघडून बघा, जवळपास रोज कोणीतरी आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणांबरोबर एखादा पदार्थ आणि एखादी गंमत आलीच. माझं म्हणणं सरळ आहे, आधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आणि मग उरलेल्या वेळात जेवण असं ते नाहीच, सकाळी अल्तारासमोर, म्हणजे चर्चच्या वेदीसमोर, जे सुरू होतं तेच दुपारी ताटात चालू राहतं. हे ज्याला कळलं त्याचं वर्षभर बोअर होत नाही.

डिसेंबर बघा. १३ तारखेला संत लुसी. सिसिलीत एकदा मोठा दुष्काळ पडला होता, आणि सांगतात की नेमकं लुसीच्या दिवशी गव्हाचं जहाज बंदराला लागलं. लोक इतके भुकेले की दळायला कोण थांबतंय, गहू तसाच शिजवला आणि खाल्ला. म्हणून तिकडे आजही त्या दिवशी पीठ खात नाहीत, ब्रेड नाही, पास्ता नाही, अख्ख्या गव्हाचं गोड करतात. आता आपल्या मराठी माणसाला अख्खा गहू शिजवायला कोणी शिकवायला नको! रात्रभर भिजवलेला गहू, कुकरच्या भरपूर शिट्ट्या, गूळ, नारळाचं दूध, खसखस, आणि इंदूरची डिसेंबरची थंडी. गव्हाची खीर ती, फक्त नाव लुसीचं. त्या दिवशी घरात पोळ्या होत नाहीत म्हणून आमच्या आत्याचा हा सगळ्यात आवडता संत आहे.

नाताळावर मी काही बोलत नाही, करंज्या, कुलकुल, दोदोल, हे सगळे व्हिडिओ आधीच झालेत. पुढे चला.

(दृश्य : तवा. पातळ धिरडं पसरतंय.)

फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये, राखेच्या बुधवारच्या आदला मंगळवार. दुसऱ्या दिवसापासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, म्हणून जुन्या काळी युरोपात घरातली अंडी, दूध, लोणी त्या एका दिवसात संपवायचे आणि संपवायचा सोपा रस्ता म्हणजे पॅनकेक. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, श्रावणाच्या तोंडावर गटारी कोण करतं? आपणच ना.

गोव्यात आणि आमच्याकडे त्या दिवशी नारळ-गुळाचं सारण भरलेलं धिरडं असतं. मैदा, अंडं, नारळाचं दूध, चिमूटभर मीठ. पीठ इतकं पातळ पाहिजे की डावातून सुटताना धार तुटता कामा नये. खरी अडचण नारळाची. इंदूरला नारळ येतो तो बहुतेक देवळासाठी, वाळत आलेला, आत पाणी वाजतं पण खोबऱ्यात रस कमी. त्यामुळे आजी दुकानात नारळ कानाशी धरून हलवते, मग दुसरा, मग तिसरा, दुकानदार म्हणतो अम्मा प्रसाद में सब चलता है, आणि आजी म्हणते भिया, देवाला चालेल, माझ्या सारणाला नाही चालणार. हा डायलॉग दरवर्षी होतो. घरी आल्यावर खवलेल्या खोबऱ्यावर गूळ किसायचा, मंद आचेवर गूळ विरघळून परत आळेपर्यंत हलवत राहायचं, वेलची सगळ्यात शेवटी. धिरडं उलटायचं नाही, एकाच बाजूने शिजवायचं, कडा सुटल्या की सारण मधोमध आडवं ठेवून गुंडाळायचं. पहिलं धिरडं तव्याला चिकटतंच, ते पोरांचं.

मग बुधवारी कपाळाला राख. आता नियम बघा, कारण लोकांना वाटतं कॅथलिक उपवास म्हणजे फार कडक. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या माणसांनी एकदाच पोटभर जेवायचं, आणि राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी १४ वर्षांच्या वरच्यांनी मांस खायचं नाही. झालं. आता इंदुरात मांस नाही खायचं म्हणजे काय हो? सराफ्यात रात्री दहानंतर जा. भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, सीझन असेल तर तळलेलं गराडू, म्हणजे इथला कंद, वर जीरावन हा इंदुरी मसाला मारून, मग मावाबाटी, आणि शेवटी शिकंजी. नियमाला धक्का नाही आणि पोटात जागा नाही. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते असं. आमच्या ओळखीच्या एका फादरनी याच्यावर छान तोड काढली, म्हणाले शुक्रवारी सराफ्यात जा, जरूर जा, पण जेवढ्याचं खाल तेवढे पैसे एखाद्या गरजूला द्या. त्यानंतर आमच्या भावाचं गराडू बरंच कमी झालं.

मध्ये २५ फेब्रुवारी येते. तो दिवस वेगळा आहे. सिस्टर राणी मारिया, केरळमधून आलेल्या, फ्रान्सिस आणि त्याची शिष्या क्लारा यांच्या मार्गावरच्या. इंदूरजवळ उदयनगर भागात आदिवासींना सावकारीतून सोडवायला झटत होत्या, आणि १९९५ साली याच तारखेला त्यांना बसमध्ये लोकांदेखत भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा इथे इंदुरातच झाला. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २५ तारखेला आमच्याकडे गोडधोड नसतं, साधं वरण-भात, आणि जेवताना लहान पोरांना हे सगळं सांगितलं जातं. त्यांना सगळं कळतं असं नाही, पण राखीचं बरोबर लक्षात राहतं.

(दृश्य : पोह्यावर शेव पडतेय.)

१९ मार्च, संत जोसेफ, सुतार. आता हा एवढा मोठा सण मानलाय की तो उपवासकाळातल्या शुक्रवारी आला तरी त्या दिवशी मांसाची बंदी उठते, चर्चच्या कायद्यातच लिहिलंय. भाऊ मोरिकोला हे दाखवायला पाहिजे होतं. सिसिलीत या दिवशी गरिबांसाठी मोठं टेबल मांडतात आणि पास्त्यावर भाजलेला ब्रेडचा चुरा भुरभुरवतात, का तर तो सुताराच्या दुकानातला भुसा! हे आमच्या घरात कळलं त्या वर्षापासून १९ मार्चला नाश्त्याला पोहे आणि वर बारीक शेव अशी की पोहे दिसले नाही पाहिजेत. पोरं ओरडतात, आजी अजून भुसा टाक. इंदूरला शेव टाकायला कारण कधीच लागत नाही, पण हे कारण फारच बढिया आहे.

ईस्टरला तर हसणं हे एके काळी मिस्सेचाच भाग होतं. जर्मनीत, विशेषतः बव्हेरियात, मध्ययुगाच्या अखेरीला फादर ईस्टरच्या प्रवचनात मुद्दाम चुटके सांगायचे, लोकांना चर्चमध्ये खदखदून हसवायचे, कारण मरणाची फजिती झालीये तर तोंड पाडून कसं बसणार. काही जणांचे चुटके फारच चावट व्हायला लागले म्हणून वरून विरोध झाला, ते एक झालं. आणि मे महिन्यात २६ तारखेला संत फिलिप नेरी, १६व्या शतकातला रोमचा, ज्याने लोकांनी आपल्याला फार मोठं समजू नये म्हणून अर्धीच दाढी काढून गावभर फेरी मारली होती. त्या दिवशी आमच्याकडे जेवताना प्रत्येकाने एक चुटका सांगायचा. मगच आमरस.

(दृश्य : पाऊस थांबलेली गच्ची. सिगडी. जाळीवर भुट्टे.)

आणि आता ज्याची मी वर्षभर वाट बघतो तो दिवस. १० ऑगस्ट, संत लॉरेन्स. रोममधला डीकन, म्हणजे फादरच्या खालच्या पायरीवरचा चर्चचा सेवक, चर्चचा पैसाअडका याच्याकडे. सन २५८, सम्राट व्हॅलेरियनच्या काळातला छळ. अधिकारी म्हणाला चर्चचा खजिना आणून दे. लॉरेन्सने मुदत मागून घेतली, होतं नव्हतं ते सगळं वाटून टाकलं, आणि गावातले गरीब, आंधळे, लंगडे लोक घेऊन उभा राहिला, हा घ्या खजिना. मग त्याला लोखंडी जाळीवर निखाऱ्यांवर भाजलं म्हणतात, आणि त्या जाळीवरून तो म्हणाला, ही बाजू झाली, आता पलटा आणि खा. इतिहासकारांना जाळीबद्दल शंका आहे, रोमन लोक अशा वेळी सहसा मुंडकं उडवायचे. पण चौथ्या शतकात संत आंब्रोजने हे वाक्य लिहून ठेवलंय आणि चर्चने ते जपलंय, इतकंच काय, लॉरेन्सला स्वयंपाक्यांचा संत करून टाकलंय. मरणाच्या दारात उभं राहून मारणाऱ्यालाच रेसिपी सांगणं, याला मी श्रद्धा म्हणतो, आणि अशा माणसाच्या नावाने जाळी पेटवायची नाही तर कोणाच्या?

ऑगस्टमध्ये माळव्यात भुट्टे एकदम कवळे असतात. गच्चीवर सिगडी, वर लोखंडी जाळी, कोळशावर राखेचा पातळ थर आला की भुट्टे ठेवायचे, ज्वाळेवर नाही, ज्वाळेवर दाणे वरून काळे आणि आतून कच्चे राहतात. दाणे तडतडायला लागले की कोणीतरी ओरडणारच, ही बाजू झाली, पलटा! आजकाल शेजारचे देशपांडे काका सगळ्यात आधी ओरडतात, त्यांना संत-बिंत माहीत नव्हता, आता पाठ आहे. मग लिंबाची अर्धी फोड मीठ आणि जीरावनमध्ये बुडवून गरम भुट्ट्यावर घासायची, जोरात, रस दाण्यांच्या फटीत गेला पाहिजे. सोबत गल्लीत भांडी घासणाऱ्या मावशी, वॉचमन, त्यांची पोरं, सगळे, कारण लॉरेन्सचा खजिना कोण होता ते आत्ताच सांगितलं. पाऊस आलाच तर सिगडी जिन्यात घ्यायची आणि दार उघडं ठेवायचं.

तुम्ही इंदुरात असाल तर या. सातला कोळसा पेटवतो, साडेसातला जाळी तयार असते. जीरावन घरचं आहे, लिंबं तेवढी येताना घेऊन या.